प्रिंट दिली की कॉम्प्युटर रीस्टार्ट: नारायण पेठेतल्या काकांच्या दुकानाचा अनुभव

मोठं लिहिणार आहे आधीच सांगते, पण ज्यांचा कॉम्प्युटर मधेच आपोआप बंद होऊन परत चालू होतोय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण माझे यात दोन महिने गेले, चोवीसशे रुपये उगाच गेले आणि एका दिवाळी अंकाची जुळवलेली २४ पानं परत करावी लागली. हे दुकान मला आधी माहीत असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

मी घरूनच डीटीपी (छपाईसाठी पानं जुळवायचं काम) करते, पुण्यात सिंहगड रोडला, १९ वर्षं झाली. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, सोसायट्यांच्या वार्षिक सभेची पुस्तकं, आणि जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंक. दिवाळी अंकाच्या सीझनला मशीन बंद पडणं म्हणजे काय ते या लाइनमधल्या लोकांना सांगायला नको, प्रेसवाला तारीख देऊन बसलेला असतो, संपादक दिवसातून चार फोन करतात आणि प्रूफं घरभर पसरलेली असतात. मशीन सात वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेलं, आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकली. दोन वर्षांपूर्वी दुसरा मॉनिटर जोडायचा म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून मे महिन्यात विंडोज ११ टाकून घेतलं. हे सगळं का सांगतेय ते पुढे कळेल.

जुलैच्या शेवटी पहिल्यांदा झालं. पत्रिकेचं प्रूफ काढायला प्रिंट दिली, लेझर प्रिंटरचा घर्रर्र आवाज सुरू झाला आणि दोन्ही स्क्रीन एकदम काळ्या. दोन सेकंदांनी पंखा फिरला आणि मशीन आपलं आपण चालू झालं. ना निळी स्क्रीन, ना कुठला एरर, काहीच नाही. मला वाटलं लाईट गेली असेल क्षणभर, पण वर पंखा फिरतच होता. मग आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं, मग रोज. बहुतेक वेळा प्रिंट देताना, पण कधी मोठी पीडीएफ एक्सपोर्ट करताना, आणि एकदा तर मी स्वयंपाकघरात होते आणि मशीन नुसतं चालू होतं तेव्हा.

आता प्रिंट देताना होतंय म्हटल्यावर कोणाच्याही डोक्यात काय येणार, प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर. घरी येऊन रिपेअर करून देणारी एक सर्व्हिस बुक केली (नाव लिहीत नाही, मला भांडण काढायचं नाहीये). मुलगा आला, ड्रायव्हर काढून परत टाकला, ४५० घेतले. दोन दिवसांनी परत तेच. परत आला, परत ४५०, या वेळी म्हणाला विंडोज ११ नीट बसलेलं नाही, फॉरमॅट करावं लागेल. त्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून लाल खुणेची एक ओळ दाखवली, कर्नल पॉवर ४१, आणि म्हणाला हे बघा मॅडम विंडोजच करप्ट आहे. मला त्यातलं काय कळणार, मी हो म्हटलं. फॉरमॅटचे एक हजार. डी ड्राइव्हला हात लावला नाही हे खरं, पण माझं चालू काम डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये होतं आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो, त्याने विचारलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. २४ पानं गेली. फॉन्ट गेले, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागलं, कीबोर्डचा लेआउट परत सेट करावा लागला, आणि हे सगळं करून तिसऱ्या दिवशी प्रिंट दिली तर मशीन रीस्टार्ट. त्या रात्री मी खरंच रडले.

मग गणपतीच्या आधी दुसऱ्या एका दुकानात नेलं. तिथे दोन दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडे एकदाही रीस्टार्ट झालं नाही, पण लक्षणं मदरबोर्डची (आतल्या मुख्य बोर्डाची)च आहेत, बदलून टाका, ७,२०० होतील, आणि नुसतं बघायचे ५००. म्हणजे तुमच्याकडे एकदाही झालं नाही म्हणता आणि तरी मदरबोर्ड बदला म्हणता, हे मला काही पटलं नाही. मशीन घेऊन घरी आले.

या काकांचं नाव मला एका प्रेसवाल्याने सांगितलं, त्यांच्याकडची चारही मशिनं काकाच बघतात. केळकर रस्त्याच्या आतल्या गल्लीत जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर एवढंसं दुकान आहे, बाहेर मोठी पाटीसुद्धा नाही. गणपतीत तो सगळा भाग बंदच असतो म्हणून विसर्जनानंतर दोन दिवसांनी गेले. ॲक्टिव्हाच्या पायाशी सीपीयू ठेवला (म्हणजे तो अख्खा डबा, आपण सगळे त्यालाच सीपीयू म्हणतो), जुन्या चादरीत गुंडाळून, आणि हळूहळू घेऊन गेले.

काकांनी डबा उघडलाच नाही. टेबलावर ठेवला आणि एक लांब वही काढली. मशीन कधीचं, नंतर काय काय बसवलं, बंद होऊन आपोआप चालू होतं का बंदच राहतं, निळी स्क्रीन येते का, त्या वेळी घरातले दिवे डिम होतात का, घरात आणखी काय चालू असतं. आणि मग विचारलं, "ताई, प्रिंटर कुठे लावलाय?" मी म्हटलं यूपीएसलाच (लाईट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा), एक्स्टेंशन बोर्ड आहे त्यावर दोन मॉनिटर, सीपीयू, प्रिंटर सगळंच. काकांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग नुसता डबा आणून काय उपयोग? यूपीएस कुठंय, बोर्ड कुठंय?"

खरं सांगते तेव्हा मला राग आला होता. एवढं ओझं घेऊन पेठेत आले, पार्किंग मिळेना म्हणून लक्ष्मी रोडपर्यंत फिरून आले, आणि हे परत पाठवतायत. पण त्यांनी दोन कामं सांगितली आणि दोन्ही फुकट. पहिलं, विंडोजमधे ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये जाऊन स्टार्टअप अँड रिकव्हरीमधली ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाका. ती टिक असली की विंडोजला काही झालं तर निळी स्क्रीन दिसायच्या आत मशीन रीस्टार्ट होतं आणि आपल्याला कळतच नाही. टिक काढल्यावर निळी स्क्रीन येऊन थांबली तर ड्रायव्हर, रॅम असल्या गोष्टी आधी बघायच्या. तरीही काही न दाखवता धाडकन गेलं तर बहुतेक वेळा कुठेतरी वीज तुटतेय, किंवा मग उष्णता. काकांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतंय, "निळी स्क्रीन म्हणजे विंडोज जाताना काहीतरी सांगून गेलं. न बोलता गेलं तर त्याला बोलायला वेळच मिळाला नाही."

दुसरं काम म्हणजे कागदावर लिहायचं. तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं. चार दिवस. आणि त्या कर्नल पॉवर ४१ बद्दल पण मी विचारलं, कारण त्यावरूनच माझं फॉरमॅट झालं होतं. ते म्हणाले ४१ नंबर म्हणजे फक्त एवढंच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता गेलं, ही नोंद विंडोज परत चालू झाल्यावर करतं, कारण त्यात नसतं. माणूस चक्कर येऊन पडला एवढं लिहिलंय, का पडला ते नाही. त्या नोंदीच्या आत डिटेल्समध्ये बगचेक कोड म्हणून एक आकडा असतो, माझ्या सगळ्या नोंदींत तो शून्य होता, म्हणजे विंडोजने स्वतः क्रॅश नोंदवलेला नाही. हे एवढं जरी त्या मुलाने बघितलं असतं तरी माझी पानं वाचली असती.

चार दिवसांत ११ वेळा झालं. कागद अजून माझ्याकडे आहे. ११ पैकी सात वेळा प्रिंट दिल्यावर, आणि सातही वेळा प्रिंटर झोपलेला असताना पहिली प्रिंट दिली तेव्हा, लागोपाठ दुसरी-तिसरी दिली तर काही होत नव्हतं. हे मला दोन महिन्यांत कधी जाणवलं नव्हतं, लिहिलं तेव्हा दिसलं. दोन वेळा पीडीएफ एक्सपोर्ट. एकदा सासूबाईंनी मिक्सर लावला आणि दिवा जरासा लुकलुकला तेव्हा. एकदा काहीच कारण नाही. निळी स्क्रीन एकदाही नाही.

मग सगळी वरात घेऊन रिक्षाने गेले. काकांनी कागद वाचला आणि पहिली प्रिंटच का ते सांगितलं. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजून बसवणारा रोलर असतो, फ्यूजर म्हणतात. प्रिंटर झोपेतून उठला की तो रोलर गरम करायला काही क्षण खूप वीज खेचतो, छोटा प्रिंटरसुद्धा सात-आठशे वॉटच्या घरात जाऊ शकतो. माझा यूपीएस ६०० व्हीए, त्याच्या मागेच लिहिलंय ३६० वॉट. म्हणून लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच लावायचा नाही, सरळ भिंतीतल्या पॉइंटला लावायचा, आणि हे म्हणे यूपीएसबरोबरच्या माहितीपत्रकात पण छापलेलं असतं. इंकजेटचं एवढं नसतं, त्याला रोलर तापवायचा नसतो. माझा आधी इंकजेटच होता, लेझर घेतला आणि त्याच पिनेत खोचला, सात वर्षं कोणीच काही बोललं नाही.

मला वाटलं झालं, सापडलं, प्रिंटर भिंतीला लावू आणि घरी जाऊ. काका म्हणाले थांबा, सात वेळांचं कारण मिळालं, चार वेळांचं राहिलंय. आणि इतकी वर्षं चालत होतं ते आत्ताच का चालेना?

इथे मला हा माणूस वेगळा वाटला. त्यांचा नियमच आहे, दोष आपल्या डोळ्यासमोर घडवून दाखवल्याशिवाय एक पार्ट बदलायचा नाही. मी पहिला दिवस पूर्ण तिथे बसून होते (बसायला एकच स्टूल आहे) आणि नंतरही रोज संध्याकाळी जात होते, त्यामुळे बरंचसं मी स्वतः बघितलंय.

सगळ्यात आधी एसएसडीची केबल काढून ठेवली, म्हणाले तुमचं काम यात आहे, टेस्टिंगला मला त्याची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून त्यांचं त्यांचं चालू करतात. मग ब्लोअरने धूळ उडवली, प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादीच बसली होती, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळून खडू झालेली, ती पुसून नवीन लावली. लोड देऊन टेंपरेचर बघितलं, सत्तरच्या आत. म्हणाले इंटेलचा प्रोसेसर साधारण शंभरच्या आसपास जाईपर्यंत आधी स्पीड कमी करून स्वतःला सांभाळतो, आणि खूपच तापला तर बंद होतो, तुमचं ते दिसत नाही. मग कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरी मदरबोर्डवरून उपसल्या आणि दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मशीन चालू केलं. मला कळेना हे काय, तर कधी कधी रीसेटचं बटण आत अडकलेलं असतं आणि लोक मदरबोर्ड बदलून बसतात! माझं बटण ठीक होतं. रात्री रॅमची टेस्ट लावली, मेमटेस्ट, चार फेऱ्या पूर्ण, सकाळी एकही एरर नाही. रॅम बाद, म्हणजे संशयातून बाद.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चांगल्या यूपीएसवर, प्रिंटर अजिबात न जोडता, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हीवर एकदम लोड टाकला आणि मल्टीमीटरची एक टोकदार पिन मदरबोर्डच्या मोठ्या कनेक्टरमध्ये मागून पिवळ्या वायरीला खोचून ठेवली. पिवळी वायर म्हणजे १२ व्होल्ट. चालायला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. सुरुवातीला ११.९ होतं. लोड दिल्यावर ११.६. काकांनी मीटर मिन-मॅक्सवर ठेवला, म्हणजे सगळ्यात खालचा आकडा तो लक्षात ठेवतो, आणि दुसरं काम करायला लागले. मी आकड्याकडे बघत बसले. ११.५. थोड्या वेळाने परत ११.५. जवळपास अर्धा तास गेला असेल, आणि खट्. स्क्रीन काळी, पंखा थांबला आणि परत फिरला, अगदी माझ्या घरी व्हायचं तसं. मीटरवर खालचा आकडा ११.१. दोन महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणासमोर झालं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते!

काकांनी समजावलं की एसएमपीएस, म्हणजे डब्यातला सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, मदरबोर्डला एका करड्या वायरीवरून सतत सांगत असतो की सगळे व्होल्टेज ठीक आहेत. तो सिग्नल गेला की मदरबोर्ड लगेच मशीन रीसेट करतो, ते त्याच्या रक्षणासाठीच आहे. म्हणजे मदरबोर्ड आपलं काम बरोबर करत होता, ७,२०० ला तोच बदलायला निघाले होते.

एसएमपीएस काढून टेबलावर घेतला. हे घरी कोणी करू नका, बाहेर काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात, त्यांनी आधी ते उतरवले आणि मगच मला जवळ येऊ दिलं. आत बारीक नळकांडी असतात ना कॅपॅसिटरची, त्यांचं डोकं सपाट असायला पाहिजे, वर एक फुलीसारखी चीर असते. माझ्यातल्या तिघांची डोकी फुगून वर आली होती, खराब झालेल्या डब्याचं झाकण फुगतं तशी, आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी सुकलेलं. मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. आणि लेबल वाचायला लावलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, पण खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच चालतात. म्हणजे सात वर्षांपूर्वी कॅबिनेटबरोबर जो "४५० वॉटचा फ्री" आला होता तो कामाचा १६८ चाच होता, त्यात मी कार्ड वाढवलं, त्यात उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची खोली, कॅपॅसिटरचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होतं. मे मध्ये विंडोज बदललं त्याचा काडीचा संबंध नव्हता.

नवीन एसएमपीएस कुठला घ्यायचा तेही मोकळेपणाने सांगितलं. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) लिहिलेला ४५० वॉट पुरे, ७५० ची गरज नाही, फक्त लेबलवर १२ व्होल्टला ३५ च्या आसपास अँपिअर आहेत ना ते बघा. माझ्याकडून घ्या नाहीतर तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणा, मी बसवून देतो. मी खरंच तपकीर गल्लीत जाऊन आले, दीडशे रुपयांचा फरक होता, तरी काकांकडूनच घेतला. ३६ अँपिअरचा, म्हणजे ४३२ वॉट १२ व्होल्टवरच. तोच लोड, तोच मीटर, तीन तास चालवला, ११.९ च्या खाली आला नाही.

तरीही मशीन दिलं नाही! आता यूपीएस. भिंतीतली पिन काढली आणि शंभर वॉटचे दोन बल्ब लावले, यूपीएस वीस सेकंदांत गप्प. आतली बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएचची, चार वर्षांची. काका म्हणाले या बॅटऱ्या दोन-तीन वर्षंच धरायच्या, यूपीएस हिरवा दिवा दाखवतो म्हणून आपण समजतो सगळं ठीक. मग मुद्दाम, नवीन एसएमपीएस लावलेलं माझं मशीन माझ्या जुन्या बॅटरीच्या यूपीएसवर ठेवून त्याच यूपीएसला त्यांचा लेझर प्रिंटर जोडला आणि प्रिंट दिली. यूपीएस किंचाळला आणि मशीन गेलं. म्हणजे नुसता एसएमपीएस बदलून मला घरी पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी परत रडत आले असते, आणि नुसता प्रिंटर भिंतीला लावला असता तर मिक्सरला आणि पीडीएफला रीस्टार्ट होतच राहिलं असतं. मिक्सरचं पण कळलं. लाईट हलली की यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर तग धरायचा असतो, चांगला एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंद धरतो. माझा थकलेला एसएमपीएस तेवढाही धरत नव्हता, आणि पलीकडे बॅटरीही मेलेली.

निघताना एक प्रश्न विचारला, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येतात, वर्षानुवर्षं येतात, मला वाटायचं सगळ्यांनाच येतात. त्याचा रीस्टार्टशी संबंध नाही पण घरचं अर्थिंग तुटलेलं आहे, वायरमनला बोलवून आजच्या आज बघा म्हणाले. बघितलं तर त्या खोलीच्या बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती, नुसती आत दुमडून ठेवलेली. घरात लहान मूल आहे, ते त्याच टेबलाखाली खेळतं. या एका प्रश्नासाठी मी काकांची जन्मभर ऋणी आहे.

बिल: तपासणी ४००, एसएमपीएस ३,१००, बॅटरी १,०५०, मजुरी ३००, एकूण ४,८५०. जुना एसएमपीएस आणि जुनी बॅटरी न मागता पिशवीत घालून दाखवली, मग विचारलं ठेवू का नेता.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्याही लिहिते. दोन दिवस सांगून पाच दिवस लागले, ऐन सीझनमध्ये. मधे फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला उत्तर नाही, स्वतः जाऊनच विचारावं लागतं. तेवढ्या दिवसांसाठी दुसरं मशीन देण्याची सोय नाही, मी बहिणीच्या लॅपटॉपवर कशीबशी प्रूफं केली. घरी येत नाहीत. लॅपटॉप घेत नाहीत, सरळ नाही म्हणतात. कार्ड चालत नाही, यूपीआय किंवा रोख. छापील बिल हवं असेल तर दुसऱ्या दिवशी. गाडी लावायला जागा शून्य. आणि बोलणं थोडं करडं आहे, आधीच्या दुकानात काय काय केलं ते लपवलं तर चिडतात. पण मला विचाराल तर यातल्या पाच दिवसांबद्दल माझी तक्रार आता राहिली नाहीये, ते पाच दिवस टेस्टिंगला लागले, त्यांनी मशीन नुसतं कोपऱ्यात ठेवलेलं नव्हतं, मी बघत होते. फोन मात्र उचलायला हवा, काका, गिऱ्हाईकाचा जीव टांगणीला असतो हो.

पाचपैकी साडेचार, अर्धा फोनचा.

सप्टेंबरच्या शेवटी मशीन घरी आलं. प्रिंटर आता समोरच्या भिंतीवर, वेगळ्या पॉइंटला, लांब केबल घेऊन. दिवाळी अंक वसुबारसेच्या आठ दिवस आधी प्रेसला गेला, शेवटच्या दोन रात्रीत मी दीडशेच्या वर प्रूफं काढली आणि प्रत्येक पहिल्या प्रिंटला माझा हात आपोआप सेव्हवर जात होता, एकदाही काही झालं नाही. आजपर्यंत नाही.

जाणार असाल तर दुपारी १ ते ४ बंद असतं आणि सोमवारी सुट्टी. सीपीयूबरोबर यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड आणि पॉवर केबल सगळं न्या, आणि काय काय केव्हा केव्हा होतं ते चार दिवस आधी लिहून न्या, नाहीतर पहिल्या दिवशी परत पाठवतील.